बुजवलेली तोंडं

१

सकाळी आठला ठिणगी उतारावर चढायची, तेव्हा आळी अजून जांभया देत असायची. खांद्याला मोजपट्टीचं चाक, गळ्यात किल्ली, काखेत वही. उतारात नऊ नळ्या उभ्या पुरलेल्या होत्या, मनगटाएवढ्या जाड आणि वीस मीटर खोल. झाकण उघडायचं, पट्टी आत सोडायची, टोकाला पाणी लागलं की चाकावरची पेटी टीं करायची. तो आकडा वहीत उतरवायचा, झाकण लावायचं, पुढची नळी. नऊदा टीं झालं की घरी चहा आणि मग कार्यालय. "पोरीने भूशास्त्रात पदवी घेतली ती आडात दोरी सोडायला," असं शेजारचे मास्तर ज्याला त्याला सांगत. मास्तर निवृत्त झाले होते, पण त्यांची जीभ अजून नोकरीवर होती.

ठिणगीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर होतं, ते तिथेच राहिलं. आत्याने लहानपणी ठिणगी म्हटलं आणि ते चिकटलं, कारण शोभलं.

उताराच्या पायथ्याशी मोठी भिंत होती. भिंतीकडे पाठ करून, मधे अरुंद बोळ सोडून घरांची ओळ, आणि ओळीतलं तिसरं घर तिचं. तिथे बाबा, आत्या आणि ती राहायची. म्हणजे ती रोज जे मोजायची, ते तिच्याच डोक्यावर उभं होतं. ओलीचं गणित ती आत्याला पुन्हा पुन्हा समजवायची. माती किंचित ओलसर असली तर गुणाची. कणाकणांमध्ये पाण्याची पातळ साय असते, ती त्यांना एकमेकांशी धरून ठेवते. पण पाणी वाढलं की तेच पाणी कणांना एकमेकांपासून ढकलायला लागतं, आणि मग टेकडीला कळतं की आपण केवढ्या जड आहोत.

"म्हणजे तुझ्यासारखंच," आत्या म्हणायची. "थोडं जास्त झालं की गेली घसरून."

चार महिने पावसाचा थेंब नव्हता. त्या सकाळी पहिल्या पाच नळ्यांनी कालचेच आकडे दिले. सहावी नळी बरोबर तिच्या घराच्या वर होती. तिच्यात पट्टी चौदा मीटरवर वाजायची. ती बारावरच वाजली.

ठिणगीने टोक पुसलं, पुन्हा सोडलं. बारा. तिसऱ्यांदा सोडलं, तर अकरा मीटर नव्वद. सगळीकडे पिवळं, वाळकं गवत हलत होतं आणि वारा नव्हता. भर सकाळी, उभ्या उभ्या तिला झोप आल्यासारखं वाटलं.

२

"उन्हाळ्यात पाणी वर चढलं?" साहेबांनी वही न उघडता विचारलं. मग सावकाश चष्मा पुसला. "पट्टी ताणली गेली असेल."

"पट्टी ताणली असती तर नऊही नळ्यांत फरक पडला असता, साहेब."

"मग तू ताणली असशील." ते स्वतःच्याच विनोदावर हसले. "आठवडाभर आकडे आण. अर्थ काढायला आम्ही बसलोय."

"आठवडाभर टेकडी थांबेल का?"

"लाखो वर्षं थांबलीय. तिला तुझ्यासारखी घाई नाही."

पन्नाशी ओलांडलेली सगळी माणसं आपली वाक्यं एकाच दुकानातून आणतात, असं ठिणगीचं मत होतं. ते दुकान कुठे आहे हे कळलं असतं तर तिने त्याला टाळं ठोकलं असतं.

३

त्या दिवशी घरी परतताना ती पुढच्या रस्त्याने न येता भिंतीकडेने आली.

ही भिंत बाबांनी बांधली होती. बाबा गवंडी. आता हात थरथरायचे म्हणून घरी बसलेले, पण आळीत त्यांची ओळख अजून ‘भिंतवाले’ हीच. टेकडीच्या पोटात एक झरा होता, बारा महिने पाझरणारा. ते पाणी कोंडू नये म्हणून बाबांनी भिंतीत जागोजागी मुठीएवढी भोकं ठेवली होती. ते त्यांना तोंडं म्हणायचे. प्रत्येक तोंडाखाली शेवाळाची हिरवी दाढी असायची आणि दिवसभर टप टप चालायची.

आज टप टप नव्हती. भिंत वरपासून खालपर्यंत पांढरीशुभ्र. ठिणगी बोटांनी चाचपत गेली. चुन्याखाली सिमेंटचे गोल लागले. एक, दोन, दहा. शेवटच्या घरापर्यंत तिने एकेचाळीस मोजले. एकही उघडं नव्हतं. महिन्यापूर्वी ती तीन आठवडे दुसऱ्या साइटवर मोजणीला गेली होती. तेवढ्यात कोणीतरी डाव साधला होता.

"भिंतीची तोंडं कोणी बुजवली?" तिने दारातूनच विचारलं.

बाबांनी पेपर खाली केला नाही. "मी."

"का?"

"डाग पडत होते. भिंतीचं नाक वाहत होतं, पुसलं."

"बाबा, ती तोंडं तुम्हीच ठेवली होतीत. पाणी जायला."

"मीच ठेवली, मीच बुजवली. तुझ्या बापाची भिंत आहे."

"तीच तर काळजी आहे!"

आत्या मध्ये पडली. "आळीने मिळून ठरवलंय, ठिणगे. सगळ्यांच्या सह्या आहेत."

"सगळ्यांच्या म्हणजे साठीच्या पुढच्या सगळ्यांच्या."

तिने वही उघडून आकडे दाखवले. पाण्याला वाट नाही, ते आत चढतंय, भिंतीला आतून रेटतंय. आत्ता तोंडं उघडली तर निभेल, नाहीतर एक दिवस आख्खी ओळ मातीखाली जाईल. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उघडायची नाहीत."

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. विनवणीसारखा होता. रागाच्या भरात ठिणगीने तिकडे लक्ष दिलं नाही. स्वयंपाकघरातलं टेबल मागच्या भिंतीपासून ओढून मधोमध आणलेलं तिला दिसलं, आणि महिनाभर घरात सकाळ-संध्याकाळ रेडिओ चालू असतो हेही आत्ताच जाणवलं. फक्त त्यांच्याच नाही, ओळीतल्या प्रत्येक घरात.

४

पाणी रोज वीतभर वर येत होतं. सहावी नळी दहा मीटरवर आली, त्या सकाळी ठिणगीने झाकण काढलं आणि नळीच्या तोंडाला कान लावला. झरा कुठून शिरतोय, त्याचा काही सुगावा लागतो का, ते तिला बघायचं होतं.

पाणी ऐकू आलं नाही. कपावर कप ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. मग आत्याचा खोकला, तीन ठसके आणि एक "आई गं," नेहमीसारखा.

ठिणगी हसलीच. घर चाळीस पावलं खाली होतं. ओली जमीन आवाज वाहून नेते, भिंतीतून मातीत, मातीतून नळीत. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं हे. साडेआठ वाजले होते, म्हणजे घरी दुसरा चहा चालला असणार. ती तशीच पडून थोडा वेळ ऐकत राहिली. गार नळी कानाला बरी वाटत होती. आवाज दुरून, पाण्याखालून आल्यासारखे गोल होऊन येत होते, आणि पापण्या जड होत होत्या.

अर्धा उतार उतरल्यावर तिचे पाय थांबले.

एवढं सगळं ऐकू आलं, खोकल्यापाठचा उसासासुद्धा. मग रेडिओ कसा नाही आला?

५

शंका आली की पडताळायची, एवढं तरी कॉलेजने शिकवलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने बाबांना आणि आत्याला डोळे तपासायला पाठवलं. रिक्षात स्वतः बसवलं. रेडिओ बंद केला, घराला कुलूप घातलं, किल्ली मुठीत धरली आणि वर गेली. ऊन असं पसरलं होतं की खालची छपरं ताकात बुडाल्यासारखी दिसत होती.

तिने कान लावला.

खुर्ची सरकली.

"दार लावून घे गं," बाबांचा आवाज म्हणाला. "माती येतेय आत."

"लागत नाही, दादा," आत्या म्हणाली. "फुगलंय."

ठिणगीने मुठीतली किल्ली पाहिली. ती होती. दुसऱ्या घरातले आवाज असतील. आळीत म्हातारे थोडे का आहेत! सगळे एकाच सुरात खोकतात. तिने पट्टी सोडली, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं. पट्टी सरसरत गेली, आणि ती जसजशी खाली गेली तसतसं बोलणं विरत गेलं. खोलीत अचानक कोणी परकं शिरलं की बोलणारे गप्प होतात, तसं. पावणेदहा मीटरवर पेटीने टीं केलं. खाली कोणी श्वासही घेत नव्हतं.

तिने पट्टी वर ओढली. टोक पाण्यातून आलं होतं. ते कोरडं होतं. नुसतं कोरडं नाही, कोणीतरी फडक्याने नीट पुसून वर पाठवल्यासारखं लख्ख.

६

दुपारी दोघं परतली. ठिणगीने दार उघडलं आणि आत जाताच आत्याचा हात रेडिओकडे गेला. ठिणगीने तो धरला.

"राहू दे, आत्या. आज नको. सहाव्या नळीत तुमचे आवाज येतात. तुम्ही घरात नसतानाही येतात. आता बोला."

बाबा टोपी काढून बसले. मग आत्या म्हणाली, "मी कपडे धूत होते भिंतीपाशी. आपल्या बाजूच्या तोंडातून कोणीतरी खोकलं. मी म्हटलं, असेल बाई कोणी. पुन्हा खोकलं. माझाच खोकला होता तो, ठिणगे. आपला खोकला माणसाला कळतो."

"मग मास्तरांनी ऐकलं," बाबा म्हणाले. "त्यांच्या तोंडातून मास्तरच कोणाला तरी रागवत होते. मग एकेकाने. ज्याला त्याला आपलंच ऐकू यायचं."

"आणि तुम्ही काय केलंत? सिमेंट आणलंत!"

"तू काय केलं असतंस?"

"विचारलं असतं!"

"आम्ही विचारलं," बाबा म्हणाले. "मी गुडघे टेकून तोंडाला तोंड लावून विचारलं, कोण आहे. मला माझ्याच आवाजात उत्तर आलं. म्हणाला, ये, इथे जागा पुष्कळ आहे."

ठिणगीच्या मानेवर काटा आला. तो झटकायला ती चिडली. "मला का नाही सांगितलं? एका शब्दाने?"

"तू हसली असतीस."

हसली असती. ते खोटं नव्हतं.

"माझा आवाज येतो का आत?" तिने विचारलं.

बाबा आणि आत्याने एकमेकांकडे पाहिलं, आणि बाबांच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांत प्रथमच काहीतरी उजळलं. "नाही. मी एकेचाळीसही तोंडांना कान लावला बुजवण्याआधी. तुझा कुठेच नाही. म्हणून तर तुझ्या मागे लागलो होतो, दुसरीकडे नोकरी धर, दुसरीकडे नोकरी धर. आमचं काय, झालं आमचं. तू त्यांच्यात नाहीस, एवढं मला पुरे."

"म्हणजे तुम्ही इथे बसून वाट बघणार? पाणी चढेपर्यंत?"

बाबांनी टोपी गुडघ्यावर सरळ केली. तेच उत्तर होतं. आणि ठिणगीला इतका संताप आला, इतकी माया दाटून आली, की ती तडक पडवीत गेली. तिने हातोडा आणि छिन्नी उचलली.

७

दुपारच्या उन्हात पहिला घाव पडला तेव्हा ओळीतली सगळी दारं उघडली. म्हातारे उंबऱ्यांत उभे राहिले. मास्तर ओरडले, "अगं ए, सह्या झाल्यात त्यावर!"

"मग सह्यांनी अडवा पाणी!"

चौथ्या घावाला छिन्नी घसरली आणि तिच्या अंगठ्यावर बसली. तेव्हा मागून थरथरता हात आला. बाबांनी छिन्नी तिच्याकडून घेतली, सिमेंटच्या कडेला तिरकी टेकवली. "असं सरळ मारून काय होतंय? कडेने सोडव. मी धरतो, तू मार."

तिने मारलं. गोल तुकडा आत पडला. कुठे पडला त्याचा आवाज आला नाही. भोकातून गार वारा आला, बंद खोलीचा, धुतलेल्या भांड्यांचा वास असलेला. पाणी आलं नाही अजून. ठिणगीने डोळा लावला.

आत अंधार असायला हवा होता. आत दुपार होती, मलूल, खिडकीतून आलेली. टेबलाचा एक कोपरा, तिरपा. खुर्चीत पाठमोरं कोणीतरी बसलेलं, त्याच तिरपेपणात आरामात बसलेलं. त्याच्यापलीकडे एक रिकामी खुर्ची. आणि तिच्या पाठीवर हात ठेवून आत्ताच आलेली, बसू की नको अशी उभी असलेली कोणीतरी तरुण.

ठिणगी मागे सरली. तेवढ्यात गढूळ पाण्याची धार तिच्या छातीवर आदळली.

"काय दिसलं?" बाबांनी विचारलं.

"काही नाही. धरा," ती म्हणाली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला कळलं की मोठी माणसं खोटं का बोलतात.

त्यांनी चौदा तोंडं उघडली. प्रत्येकातून पाणी असं सुटलं की जणू टेकडीने दम धरून ठेवला होता. पंधराव्याला छिन्नी लावताना बाबांचा हात थांबला. त्यांनी तळवा भिंतीवर सपाट ठेवला, बाळाच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि म्हणाले, "उशीर झाला. सगळ्यांना काढ."

ठिणगीने विचारलं नाही. ती धावली. दार, दार, दार. "बाहेर या! चपला राहू द्या! मास्तर, तुमच्या सह्या राहू द्या, बाहेर या!" तिचा आवाज फाटला. आत्याला तिने जवळजवळ उचललं. रस्त्यापलीकडे शाळेचं मैदान होतं, तिथे सगळ्यांना नेलं. मोजलं. तेहतीस माणसं, एकही कमी नाही. पुन्हा मोजलं. तेहतीस.

मग टेकडीने कूस बदलली.

आवाज फारसा झालाच नाही. भिंत आधी पुढे वाकली, कोणाचं तरी ऐकायला वाकावं तशी. वाळक्या गवताचा उतार आहे तसाच, अखंड, झोपेत चालल्यासारखा खाली आला. त्यातल्या नळ्या काही क्षण उभ्याच होत्या. छपरं बसत गेली, एकामागून एक, आणि धूळ इतकी हळू वर चढली की मैदानातल्या कोणालाही ओरडायचं सुचलं नाही. आत्या नुसती म्हणाली, "अरे, निजलं की सगळं."

८

धूळ बसली. सगळे वाचले होते. बाबा तिच्या शेजारी उभे होते, केस पांढरे की धुळीने पांढरे ते कळत नव्हतं. ती त्यांना काहीतरी लागट बोलणार होती, सवयीने, आणि मग त्यांच्या खांद्यावर डोकं टेकणार होती.

"बाबा," ढिगाऱ्यातून हाक आली.

तिचाच आवाज. पण फाटलेला नव्हता. मऊ होता, सहा-सात वर्षांची असताना ती दारातून हाक मारायची तसा.

बाबांची मान वळली.

"बाबा, मी इथे आहे," ठिणगी म्हणाली. तेच शब्द खालूनही आले. आधी कोण म्हणालं, ते तिलाही सांगता आलं नसतं.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. साठीपुढचा माणूस, गुडघ्यांनी अधू, पण ते असे धावले की कोणाच्या हाती लागले नाहीत. रस्ता ओलांडून ते ढिगाऱ्यावर चढले, गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी माती उपसायला लागले. वरचा उरलेला उतार उघडा पडला होता, चिंब, चकाकणारा, आणि त्यातून खडे निखळून येत होते. आज ना उद्या नाही, आत्ता येणार होता तो. ठिणगीला ते वाचता येत होतं. तेवढंच तर तिला वाचता यायचं.

ती त्यांच्यामागे गेली. पायाखालची माती लापशीसारखी हलत होती. तिने त्यांचं मनगट पकडलं.

"बाबा, उठा! वरून येतंय! मी आहे इथे, बघा ना, मी आहे!"

बाबांनी मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, ओळखही नव्हती. रस्त्यात मदतीला धावून आलेल्या परक्या बाईकडे बघावं तसं त्यांनी अदबीने पाहिलं.

"बाई, हात सोडा माझा," ते म्हणाले. "माझी लेक आत आहे."

"मी तुमची लेक आहे!"

"ऐका," बाबा म्हणाले, आणि कान मातीकडे केला. "बोलतेय ती."

आणि ते ऐकू लागले. मधे न तोडता, विनोद न करता, पेपर न धरता, शब्द न् शब्द. ठिणगीने जन्मभर ज्यासाठी घसा फोडला होता, ते अखेर घडत होतं, आणि ते तिच्यासाठी नव्हतं. आत काय बोललं जात होतं ते तिला कळत नव्हतं, फक्त सूर कळत होता. ओळखीचा, समजूतदार. ती कधीच इतकं छान बोलली नव्हती.

वरून मूठभर माती ओघळली. मग ढेकूळ. मैदानातून आत्या किंचाळली.

ठिणगीने बोलणं थांबवलं. शब्दांचा उपयोग नव्हता, तिचे सगळे शब्द खालचीच वापरत होती. तिने बाबांच्या कमरेला विळखा घातला, टाचा रोवल्या आणि ओढलं. बाबा वजनाने काहीच नव्हते. ते उचललेच गेले असते.

पण त्यांचा एक हात कोपरापर्यंत मातीत होता. तो तसूभरही वर येईना. ठिणगीने दात आवळून पुन्हा ओढलं, आणि मग तिला ते जाणवलं, बाबांच्या अंगातून, हाडाहाडातून. पलीकडूनही कोणीतरी ओढत होतं. तेवढ्याच जोराने, टाचा रोवून, तिच्याच हट्टाने.